ट्यूब घेऊन उरणला

नाशिकच्या स्टँडवर कंडक्टरनं आत्याच्या खांद्यावरची ट्रॅक्टरची ट्यूब पाहिली. "काय आजी, पोहायला निघालात?"

"गॅस आणायला," आत्या म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

समुद्रातल्या तेलाबरोबर येणारा गॅस उरणला दिवसरात्र जाळून टाकतात, ही बातमी मीच तिला वाचून दाखवली होती. आमच्या विंचूरला सिलिंडरसाठी नंबर लावून तिला वर्षं झाली होती. चुलीच्या धुरानं डोळे कायम लाल. शेजारच्या वस्तीवर गोबरगॅस ट्यूबमध्ये भरून नेत, म्हणून तिनंही ट्यूब घेतली. मला घेतलं ते तिथल्या साहेबाशी इंग्रजीत बोलायला. मी तर वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देत असे.

पनवेलला बस बदलली. बसायला जागा नव्हती. आत्यानं स्टँडबाहेरच्या सायकलवाल्याकडून ट्यूबमध्ये हवा भरून घेतली आणि आम्ही दोघी बसच्या मधल्या वाटेत तिच्यावर बसून, डुलत डुलत उरणला पोचलो.

मिठाचे पांढरे ढीग, त्यांच्यामागे उंच नळी आणि तिच्या टोकाला भर दुपारी भडकलेली ज्वाळा. रस्त्याकडेला एक बाई वाळत घातलेल्या लुगड्यावरची काजळी झटकत होती.

"आमचा कोंबरा (कोंबडा) पन बिघरलाय," ती म्हणाली. "रातभर उजेर. त्याला पहाटच कलत (कळत) नाय." कोंबडा तेवढ्यात आरवला.

गेटवर साहेबाची जीप आली. आत्यानं ट्यूब आडवी घातली. "हं, बोल."

माझ्या तोंडून निघालं, "सर, व्हाय आर यू बर्निंग माय आंट्स गॅस?"

साहेब मराठीच निघाला. "आजी, ट्यूबमध्ये भरलात तर उडाल! गॅस न्यायला पुरेशी पाइपलाइन नाही, आणि नुसता सोडणं धोक्याचं. म्हणून जाळतो."

"मंग आधी पाइप टाकायचा, मागून तेल काढायचं!"

"तेलाची घाई असते, आजी."

"आन् माझ्या डोळ्यांची नाय?"

साहेब वॉचमनला आम्हाला चहा द्यायला सांगून निघून गेला. वॉचमननं केबिनमध्ये रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारायला घेतला. आत्या बघतच राहिली.

"तुमालाबी गॅस नाय?"

"नंबर लावलाय, मावशी. तुमचा कधीचा?"

मग दोघांचं असं जमलं, की परतीची बस चुकता चुकता राहिली.

विंचूरला आल्या आल्या आत्यानं चूल फुंकली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या वॉचमननं माझ्या आधी नंबर लावलाय. त्याला मिळाला की आपलीच पाळी."

प्रत्येक गावाची रांग वेगळी असते, हे मी तिला सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या आगीपाशी जाऊन तिनं तेवढंच घरी आणलं होतं.