बायबल अक्काची जबानी

आमची बायबल अक्का रोज सकाळी देवाकडे एकच मागणं मागायची: जमीनदार मालकाचे दात पाड. बायबलातल्या स्तोत्रांत असंच मागितलंय, मी पदरचं काही घालत नाही, असं वर सांगायची. आणि तोच मालक अर्धांगवायूनं आडवा झाला तेव्हा महिनाभर ज्वारीची आंबील घेऊन त्याच्या दारात जाणारीही तीच.

संतपूरच्या पुढं आमचं गाव. अक्का घरोघर बायबल वाचून दाखवायची, म्हणून हे नाव. मालकाचं शेत आमच्या कबरस्तानाला लागून. तरुण पोरं हैदराबादला मजुरीला गेलेली बघून त्यानं एका दुपारी ट्रॅक्टर घातला आणि कबरी नांगरून तूर पेरली. अक्काच्या नवऱ्याची कबरही त्यातच गेली. बघणारी एकटी अक्का. तिनं फिर्याद दिली.

मला त्या आंबिलीचा संताप यायचा. मी तेव्हा कॉलेज सोडून संघटनेची पत्रकं लिहीत होते. शत्रूला खाऊ घालणं म्हणजे गुलामी, एवढंच मला कळत होतं. सकाळी शाप आणि दुपारी आंबील, यातलं खरं कोणतं, असं मी तिला तोंडावर विचारलं. चूल फुंकत ती म्हणाली, "दात पाडायचं काम देवाचं हाय, पोरी. खाऊ घालायचं माझं. त्याचं काम मी कामून करू? अन् दात पडले तरी आंबील गिळता येती."

खरी किळस आणली ती पाळकबुवांनी. कोर्टाची तारीख जवळ आली तशी मालकानं चर्चवर नवे पत्रे घालून देतो असा निरोप धाडला, आणि पुढच्याच रविवारी प्रवचन झालं: शत्रूवर प्रीती करा, दुसरा गाल पुढे करा. वडीलधारी माना डोलवत होती. ज्यांच्या आईबापांच्या हाडांवर नांगर फिरला, तीच ही माणसं! प्रवचन संपतं न संपतं तोच तडजोडीचा कागद अक्कापुढं आला: ट्रॅक्टरवर कोण होतं ते मी बघितलं नाही. सही करा, प्रभूनं क्षमाच शिकवली, असं पाळकबुवा मऊ आवाजात म्हणाले.

अक्कानं कागद बाकावर उपडा ठेवला. "गाल माझा हाय, म्हणून फिरवते. कबरस्तान सगळ्यांचं हाय. अन् प्रीती करा म्हटलंय, खोटं बोला कुठं म्हटलंय?"

त्यानंतर चर्चमध्ये तिच्याशेजारी कुणी बसेना. तुझ्यामुळं पत्रे गेले, असं बाया ऐकवायच्या. आंबील मात्र चालूच होती.

तालुक्याच्या कोर्टात मालक काठीवर थरथरत उभा होता. याचे पाय धरत न्हाईत, खुर्ची द्या, असं अक्कानं आधी जजसाहेबांना सांगितलं. तो बसला, मग त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "ट्रॅक्टरवर हाच होता." वकिलानं तिला तासभर पिळलं. ती हलली नाही. जमीन परत मिळाली.

दोन वर्षांनी अक्का गेली. तिला आम्ही त्याच कबरस्तानात पुरलं. पाळकबुवा तिच्या क्षमाशीलतेवर, तिच्या आंबिलीवर गहिवरून बोलले. जबानीबद्दल एक शब्द नाही. वडीलधाऱ्यांनी डोळे पुसले.

मातीच्या वेळी मध्ये बोलू नये म्हणतात. मी बोलले. तो कागद तिच्यापुढं कुणी सरकवला, इथून सुरुवात केली.