मंगलाताईंचा बाळंतपणाचा धडा

मंगळवारचा ऑनलाइन वर्ग. अकरा जण पडद्यावर हजर होते, आणि मंगलाताईंची खिडकी उघडली तेव्हा तिच्यात त्यांचा मुलगा दिसला. "सर, आई पहाटे गेली. आज तिचा वर्ग असतो म्हणून कळवायला बसलो…" एवढं बोलून तो तसाच बसून राहिला. वर्ग बंद करायचं बटण माझ्याकडे होतं, पण हात उठला नाही. याला आता महिना होईल.

मंगलाताई बिराजदार लातूरच्या एका दवाखान्यात रेकॉर्ड विभाग सांभाळून निवृत्त झाल्या होत्या. मी नांदेडचा, कॉम्प्युटरवाला. एका दवाखान्यातली पेशंटची माहिती दुसऱ्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरलाही जशीच्या तशी कळावी, यासाठी ती ठरलेल्या साच्यात कशी भरायची, हे कारकुनांना ऑनलाइन शिकवायचा अभ्यासक्रम आम्ही काढला. साचे आणि कोड मी शिकवायचो, माणसं त्या. माझं इंग्रजी ऐकून मुलं माना डोलवायची आणि नंतर ताईंना फोन करून विचारायची, "सर काय सांगून राहिले होते?" हे मला फार उशिरा कळलं.

आमचं एकदाच वाजलं. त्यांना बाळंतपणावर एक धडा हवा होता. "सर, पोरगी सातव्या महिन्यात माहेरी येती. तिथं बाप नाव सांगतो, ते माहेरचं. सगळ्या तपासण्या सासरच्या नावावर. मग कॉम्प्युटरनं तिला वळखावं कसं?"

"आधीच्या नावाला रकाना आहे की," मी म्हणालो.

"रकाना हाय, पण भरतंय कोण?"

मी वैतागलो. "ताई, आपण डेटा शिकवतो, रीतभात नाही." धडा मी गाळला. अंगात मस्ती होती, दुसरं काय.

पुढे माझी धाकटी बहीण दीपा उदगीरच्या सासरहून बाळंतपणाला आमच्याकडे आली. कळा सुरू झाल्या तसं तिला दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, आणि साचे शिकवणाऱ्या या शहाण्यानं दीपाचं नाव माहेरच्या आडनावासकट घडाघडा सांगितलं. कॉम्प्युटरवर तिचं जुनं काही सापडेना. कसलं तरी इंजेक्शन आपल्याला सोसत नाही, एवढंच दीपा सांगू शकत होती. त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. घाबरून मी ताईंना फोन लावला.

"नाव काय लिवलं?"

मी सांगितलं.

"आधी सासरचं सांगा. मग बोला."

ते सांगितलं. उदगीरची माहिती आमच्याच विद्यार्थ्यांनी भरलेली होती, लगेच आली. त्या मुलीनं पडदा वाचला आणि उठून आत पळाली. दीपाला जे चालत नव्हतं, तेच इंजेक्शन आत भरून तयार होतं. दीपाची लेक आता बालवाडीत जाते.

धडा अर्थातच पहिल्या नंबरावर आला. ताई तो रंगवून सांगायच्या. "एक लई शिकलेला मानूस होता…" मुलं खो खो हसायची. कोण होता तो, असं कोणी ना कोणी विचारायचंच. "हाय एक. मानूस चांगला हाय," एवढंच उत्तर. फोन कोणी उचलला, तेही त्या सांगायच्या नाहीत. मुलांबरोबर मीही हसायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. ताईंनी माझी लाज राखली आणि मी ती खुशाल राखू दिली, याचं आता फार वाईट वाटतं.

परवा नवी बॅच सुरू झाली. ताईंचा धडा रेकॉर्ड करून ठेवलेला होता, तोच लावला. धडा संपल्यावर देवणीच्या एका मुलीनं हसत विचारलं, "कोण होता सर, तो येडा?"

"मी," म्हणालो. "आणि फोन ज्यांनी उचलला, त्या ह्याच ताई."