सामुद्रधुनी बंद आहे!

एम.ए.च्या वर्गात चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला तुर्कस्तान आला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचे इतिहासाचे सर दरवर्षी वर्गात एक परिषद भरवत. त्या वर्षीचा विषय होता दुसरं महायुद्ध पेटण्याआधीचे महिने. इंग्लंडने ग्रीस, युगोस्लाव्हिया, रुमानिया आणि तुर्कस्तान या बाल्कनमधल्या देशांना लोकशाहीच्या बाजूला ओढायचं आणि जर्मनीने ते होऊ द्यायचं नाही. घंटा व्हायच्या आत करारावर चारही देशांच्या सह्या झाल्या, तर इंग्लंड दिल्लीच्या आंतरविद्यापीठ परिषदेला जाणार. नाहीतर जर्मनी.

इंग्लंड होती धरमपेठेतली एक मुलगी. वडील तिला एकटीला नागपूरबाहेर पाठवत नव्हते. पण कॉलेजनेच निवडलं तर त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं. म्हणून ती हात धुऊन आमच्या मागे लागली होती. जर्मनी होता गांधीबागेतल्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा. "तुमचा गहू, तंबाखू, सगळा माल आम्ही उचलून राहिलो. इंग्लंड काय उचलते, चहाचा कप?" असं म्हणत तो कॅन्टीनमध्ये रुमानियाला रोज फोडायला बघायचा.

मला तर चेवच चढला होता. मी वऱ्हाडातल्या खेड्यातून आलेली, हॉस्टेलवर राहणारी. तोवर वर्गात मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, आणि आता दोन महासत्ता माझ्या मागेपुढे! कारण इंग्लंडची जहाजं रुमानियाच्या मदतीला जायची ती माझ्याच सामुद्रधुनीतून. मी लायब्ररीतले नकाशे पालथे घातले. झोपेतही मला जहाजं दिसायची.

परिषदेच्या आदल्या दिवशी, रविवारी, इंग्लंडने चारही देशांना घरी जेवायला बोलावलं. मी न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून खोलीत बसले. मेसमध्ये जेवण नको म्हणून सांगितलं होतं. दुपार टळली तरी मी बसूनच. सोमवारी वर्गात आले तर बाकीचे तिन्ही देश तिच्याकडच्या पुरणपोळ्यांचं कौतुक करत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

परिषद मात्र काय रंगली! ग्रीसने सही केली, युगोस्लाव्हियाने केली. तुर्कस्तान वाट देणार असेल तरच, अशी अट घालून रुमानियानेही केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. इंग्लंडने हसत हसत कागद माझ्यापुढे सरकवला. मी उठून उभी राहिले.

"सामुद्रधुनी बंद आहे!"

जर्मनीने बाक बडवला. रुमानिया ओरडला, "मग माही सही वापस दे!"

इंग्लंडचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, काल आली का नाहीस? आई तुझं पान घेऊन बसली होती."

"बोलवाले कोण आलं वं मले? मी तयार होऊन वाट पाहून राहिली होती!"

"शनिवारी सांगितलं होतं ना तुला?"

"ते आवतण झालं. पानं वाढल्यावर पुन्हा बोलवाले येतेत. तसंच कसं उठून येऊ? हावरट आहो का मी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्याकडे एकदाच सांगतात गं," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तू काल उपाशी होतीस?"

मी मान डोलावली. तिने करार काखेत मारला आणि पिशवीतून डबा काढला. "आईने तुझ्यासाठी दिलाय. तू आली नाहीस म्हणून तीही दिवसभर जेवली नाही. आधी खा."

"घंटा होईल," सर म्हणाले.

"होऊ दे, सर."

दिल्ली हातातून चालली होती आणि ही बया डब्याचं घट्ट बसलेलं झाकण उघडत होती. मी तिच्या काखेतला कागद ओढला, सही ठोकली आणि भर परिषदेत हमसून हमसून रडले. या एवढ्या मोठ्या शहरात कुणीतरी माझ्यासाठी न जेवता थांबलं होतं.