सोमीआजीचे तळहात

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर सोमीआजी तळहात एकमेकांवर चोळत बसली होती. तेही उन्हाळ्याच्या भर दुपारी. मी विचारलं तर म्हणाली, "गार हात बाईच्या पोटाला लावू नये, पोरी."

सोमीआजी कातकरी वाडीची सुईण. आत तिची नात चंद्री कळा देत होती आणि दारातला शिपाई आजीला आत सोडत नव्हता. "याला मीच बाहेर काढला होता," ती हसून म्हणाली, "आता तो मला काढतो."

आतून चंद्री आपल्या बोलीत ओरडली. "नीट मराठीत बोल गं," नर्स खेकसली. आजीला मात्र बाहेरूनच कळलं. "कंबर धरा म्हणते," ती पुटपुटली आणि हात आणखी जोरात चोळू लागली.

माझ्या पिशवीत आरोग्य मोहिमेसाठी मीच लिहिलेली पत्रकं होती. बाळंतपण दवाखान्यातच करा. ते मला आजही खोटं वाटत नाही, डॉक्टर हवेतच. पण सुईणीला दाराबाहेर बसवू नका, हे मी कुठे लिहिलं होतं? बाई, आदिवासी, गरीब हे शब्द मी कागदावर वेगवेगळे मांडले होते. चंद्रीच्या एकाच कंबरेत ते तिन्ही एकदम दुखत होते.

तासाभराने नर्स बाहेर आली. बाळ मेलेलंच जन्मलं होतं. "आजी, आता जा आत," ती हळू आवाजात म्हणाली. शिपाई मान खाली घालून बाजूला झाला.

आजी उठली. दारापाशी थांबून तिने तळहात पुन्हा एकदा चोळले, आणि मग ती आत गेली.