माझ्या उद्धटपणाचं अपील

माझी जीभ तिखट आहे, हे मला शाळेपासून ऐकवलं गेलंय. पुण्यात वाढलेल्या माणसाला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण महापालिकेच्या नोकरीत, ड्रेनेज विभागात कनिष्ठ अभियंता असताना, त्या जिभेची एकदा सरकारी भाषेत दखल घेतली गेली. पुढे जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

आढावा बैठक होती. मुख्य कार्यालयातले वरिष्ठ आले होते. आमच्या साहेबांनी पडद्यावर तक्रारींचा तक्ता लावला होता आणि सगळ्या ओळी हिरव्या होत्या, म्हणजे सगळ्या तक्रारी निकाली. त्यात कात्रजकडच्या एका गल्लीची ओळही हिरवी. त्या गल्लीत मी सकाळीच जाऊन आले होते. चेंबर भरून वाहत होतं आणि माणसं विटांवर पाय ठेवत घरात शिरत होती. पुढची मुख्य लाइन बदलल्याशिवाय ते थांबणार नाही, हे मी तोंडी आणि लेखी सांगून दमले होते. वरिष्ठांनी नेमकं त्याच गल्लीचं विचारलं. साहेब म्हणाले, मिटलं ते. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "तक्रार मिटलीय, साहेब. फक्त मैलापाण्याला तसं अजून कळवलेलं नाही."

सगळे हसले. मुख्य कार्यालयातले वरिष्ठ तर चष्मा काढून हसले. आमचे साहेब तेवढे हसले नाहीत.

चार दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. आरोप, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. मी खुलासा दिला की मी बोलले ते खरं आहे, गल्ली जाऊन बघा. गल्ली कुणी बघितली नाही. ठपका आला. ठपक्यात पगार कापत नाहीत, पण सेवापुस्तकात तो कायमचा बसतो आणि बढतीच्या वेळी कुणीतरी बरोबर तेच पान उघडतं. नवरा म्हणाला, सोडून दे. बढतीची मला फिकीर नव्हती असं नाही. पण खोटी ओळ हिरवी करणारा मोकळा आणि ती खोटी म्हणणारी उद्धट, हे मला सोसवत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसला प्रकार. अपिलात मी खरी ठरले असते, तर ती ओळ पुन्हा लाल करावी लागली असती आणि लाइनचं काम काढावं लागलं असतं. मला तेवढं हवं होतं.

शनिवार पेठेत आमचे एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. महापालिकेतल्या निम्म्या कर्मचाऱ्यांची अपिलं त्यांच्या हातून गेली आहेत. माझा मसुदा त्यांनी लाल पेनानं वाचला. 'धडधडीत खोटं' खोडून तिथं 'वस्तुस्थितीशी विसंगत' लिहिलं. 'निर्लज्जपणे' याच्या जागी काहीच लिहिलं नाही. उद्धटपणाच्या ठपक्याविरुद्धचं अपील उद्धट भाषेत करू नये, एवढं शहाणपण माझ्याकडे असायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. मग शेवटी एक वाक्य घालू या म्हणाले, अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे. मी नाही म्हणाले.

"बाई, तुम्हाला सुटायचंय का खरं ठरायचंय?"

"दोन्ही."

"मग चहा घ्या," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

अपील वरच्या अधिकाऱ्याकडे करायचं, पण द्यायचं ते आपल्याच साहेबांच्या हातात. याला योग्य मार्ग म्हणतात. ज्यानं कानफटात मारली, त्याच्याच हाती गाऱ्हाणं पोचवायला द्यायचं. साहेबांनी ते माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचलं. मराठी छान आहे हो तुमचं, म्हणाले. मग त्यांचे अभिप्राय जोडायचे राहिले म्हणून ते त्यांच्या टेबलावर पडलं, आणि पडूनच राहिलं. मी विचारायला जायचे, ते फोनवर असायचे. बैठकीत माझ्या शेजारी बसलेल्या, पोट धरून हसलेल्या सहकाऱ्याला मी म्हटलं, मी कामाबद्दल बोलले एवढं तरी लिहून दे. तो म्हणाला की तेव्हा तो मोबाइल बघत होता, त्याला काही ऐकूच आलं नाही. मग हसलास कशाला, असं विचारलं तर म्हणाला, सगळे हसले म्हणून. खराडीहून त्याची इकडे नुकतीच बदली झाली होती, ती त्याला टिकवायची होती. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी एकदाचे अभिप्राय जोडून अपील वर गेलं आणि सुनावणी लागली. आत गेले तर समोर तेच, चष्मा काढून हसलेले वरिष्ठ. मला वाटलं, चला, देव पावला. साक्षीदारच न्याय करायला बसलाय. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी मी म्हणाले, "सर, आपण स्वतः तिथं होतात. आपण हसलाही होतात."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हसलो होतो. पण हसणं रेकॉर्डवर नाही, मॅडम."

आदेश आला तेव्हा सगळी कचेरी खूश झाली. ठपका रद्द. अपीलार्थीची आजवरची सेवा पाहता सहानुभूतीपूर्वक विचार करून तो रद्द करण्यात येत आहे, आणि यापुढे असे वर्तन करू नये अशी ताकीद देण्यात येत आहे. मी कागद पुन्हा पुन्हा वाचला. गल्लीचं नाव कुठंही नव्हतं. मी खरं बोलले की खोटं, याबद्दल अक्षर नव्हतं. सहानुभूती मी मागितलीच नव्हती, आणि 'यापुढे' म्हणजे मागं मी ते केलं होतं, हे ठरवूनच टाकलं होतं. सहकारी पेढे मागत होता. तो पेढे मागायला पुढं होता याचं मला नवल वाटलं नाही.

मी तडक आस्थापनेच्या लिपिकाकडे गेले आणि या ताकिदीवर अपील कुठं करायचं ते विचारलं. त्याला आधी मी चेष्टा करतेय असं वाटलं. मग त्यानं मला समजुतीनं सांगितलं.

"मॅडम, ताकीद शिक्षेत धरत नाहीत. शिक्षाच नाही, तर अपील कशाविरुद्ध करणार?"

पोच म्हणून सही करा, म्हणाला. मी केली. मला शिक्षा हवी होती, असं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.