मामांचा चौथा कोपरा

स्वतःच्या पायाखालच्या जमिनीवर काडीचाही विश्वास नसलेला एकच माणूस मी पुण्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. लोक एकमेकांवर अविश्वास दाखवतात, दूधवाल्यावर दाखवतात, हवामानाच्या अंदाजावर दाखवतात. मामांचं यांपैकी कोणाशीच वाकडं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्या जमिनीवर आपण घरं बांधून बिनघोर झोपतो ती आतून कशी आहे, हे कोणी विचारतच नाही. मामा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. म्हणजे माझ्यासारखा आर्किटेक्ट इमारतीचं चित्र काढतो आणि ती उभी कशी राहील याची काळजी मामांसारखी माणसं करतात. माझी ड्रॉइंग्ज ते लांब धरून पाहतात आणि म्हणतात, "जावईबापू, चित्र छान आहे. खांब कुठे लपवलेत तेवढं सांगा." या वाक्यावर मी वीस वर्षं चिडत आलो आहे. बरं, खांबांतही त्यांना फारसा रस नाही. त्यांचा सगळा जीव राफ्टमध्ये. राफ्ट म्हणजे प्रत्येक खांबाखाली वेगळा पाया न घेता अख्ख्या इमारतीखाली मिळून घातलेली एकच जाडजूड काँक्रीटची लादी. ती एकदा घातली की वर इमारत येते आणि पुढे ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

मामांच्या खिशात कायम एक काचेची गोटी असते. कोणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत ती फरशीवर सोडायची आणि कुठे जाते ते पाहत बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. माझ्या लग्नाची बैठक शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटवर बसली होती. दोन्हीकडची मंडळी मानपानाच्या नाजूक मुद्द्यावर आली होती आणि मुलीचे मामा सोफ्याखाली डोकं घालून बसले होते. माझ्या वडिलांनी शेवटी विचारलं, "अहो, आपलं काही पडलंय का?" मामा गुडघे झटकत उठले. "पडलं नाही, सोडलं होतं. घर दाराकडे कललंय, पण ते फरशीवाल्याचं काम. पाया बरा आहे. आमच्याकडून होकार समजा." वडील पुढे कित्येक दिवस धुमसत होते, कारण आमच्याकडून तोवर कोणी होकार दिलेलाच नव्हता.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं कॉम्प्युटरशी जमणार नाही असं आपण धरून चालतो. मामांचं उलट आहे. कोथरूडच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात राफ्टच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर आलं ते माझ्या माहितीतल्या सगळ्या ऑफिसांच्या आधी. त्याला ते "चिरंजीव" म्हणतात. पडद्यावर राफ्टचा आकार काढायचा, त्याचे लहान लहान चौकोन पाडायचे, वर खांबांची वजनं ठेवायची आणि खाली जमिनीच्या जागी स्प्रिंगा आहेत असं सांगायचं. जमीन मऊ असेल तर स्प्रिंग मऊ, खडक असेल तर कडक. मग बटण दाबलं की राफ्ट कुठे किती खचेल याचं रंगीत चित्र येतं. निळं असेल तिथे निर्धास्त राहावं, लाल असेल तिथे पुन्हा विचार करावा. एकदा चित्र पाहून मामांचं भागत नाही. ते स्प्रिंगा मऊ करून पाहतात, कडक करून पाहतात, अर्ध्या मऊ नि अर्ध्या कडक करून पाहतात, आणि तोवर मी समोर बसून तिसरा चहा घेत असतो. "चिरंजीव काय म्हणतात?" मी विचारतो. मामा चष्मा कपाळावर सरकवतात. "म्हणतात ठीक आहे. पण त्यांचं असं आहे, मुलगा गुणी आहे, गणितात चूक नाही. फक्त कधी घराबाहेर पडलेला नाही. खाली जमीन कशी आहे हे आपण सांगायचं आणि त्यांनी ते खरं मानायचं."

मामांच्या या धास्तीचं मूळ त्यांच्या स्वतःच्याच घरात होतं. कोथरूडमधली ते राहायचे ती चार मजली इमारत म्हणजे त्यांनी स्वतंत्रपणे केलेलं पहिलं काम. तेव्हा सॉफ्टवेअर नव्हतं, राफ्टचं सगळं गणित त्यांनी वहीत, हाताने केलं होतं. खड्डा खणून झाला की तळ झाकला जायच्या आत इंजिनिअरने उतरून जमीन डोळ्यांनी पाहायची, हा या धंद्यातला रिवाज. मामांनी तीन कोपरे पाहिले. चौथा दुसऱ्या दिवशी खणायचा होता, आणि दुसऱ्या दिवशी मामा साताऱ्याला मुलगी पाहायला गेले. मुलगी पसंत पडली, यजमानांनी आग्रह केला, मुक्काम आठ दिवसांनी लांबला. परत येऊन पाहतात तर चौथ्या कोपऱ्यात तळावर काँक्रीटचा थर पडलेला आणि त्यावर सळयांची जाळीही बांधून तयार. आता खालची जमीन पाहायची म्हणजे सगळं उखडायला हवं. मामांनी उखडायला लावलं नाही, सही केली. साताऱ्याची ती मुलगी म्हणजे आमच्या मामी.

पुढे काही वर्षांनी त्याच कोपऱ्याला लागून असलेल्या प्लॉटवर खोदाई झाली, तेव्हा खालून काळी माती निघाली, पावसात फुगणारी आणि उन्हात आकसणारी, पायाखाली कोणालाच नको असलेली. ती मामांच्या मनात जी बसली ती बसलीच. ऑफिसात सॉफ्टवेअर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा जुनी वही काढून स्वतःचाच राफ्ट त्यात घातला. चौथ्या कोपऱ्याखाली स्प्रिंग मऊ ठेवली आणि बटण दाबलं. तीन कोपरे निळे आले, चौथा लालभडक. दुसऱ्या कोणी वही मिटून कपाटात टाकली असती. मामांनी आपला दुसरीकडचा, तिसऱ्या मजल्यावरचा हवेशीर फ्लॅट विकून या इमारतीतला, त्याच कोपऱ्यातला, तळमजल्यावरचा दमट फ्लॅट घेतला. "खचलंच तर आधी माझ्याखाली खचू दे," एवढंच मामींना सांगितलं. मामी हे सगळ्यांना ऐकवतात. "लोकांच्या नवऱ्यांनी बायकोला पाटल्या केल्या. आमच्या ह्यांनी मला एक कोपरा घेऊन दिला."

मामांनी हे लपवून ठेवलं असं मात्र नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून त्यांनी आपली चूक, काळी माती, लाल रंग, सगळं सविस्तर सांगितलं. पार्किंगचा विषय पुढे असल्यामुळे लोकांनी ते पटापट ऐकून घेतलं आणि सेक्रेटरींनी नोंद केली : "इमारतीची प्रकृती उत्तम असल्याचे इंजिनिअर सभासदांनी सांगितले." मामांनी दुरुस्तीचा अर्ज दिला. तो पुढच्या सभेत वाचला गेला आणि मग पुन्हा पार्किंग निघालं. तेव्हापासून इमारतीवर पहारा ठेवायचं काम मामांनी एकट्याने अंगावर घेतलं. घरातल्या भिंतीला दोन बारीक तडे होते, त्यांवर त्यांनी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. तडा वाढला की काच फुटते. रोज सकाळी दात घासत घासत मामा पट्ट्या पाहून यायचे. कोपऱ्यातली खोली त्यांनी रिकामी ठेवली होती, तिथे कपाट नाही, पलंग नाही, धान्याचा डबासुद्धा नाही. योगायोगाने तो ईशान्य कोपरा होता, त्यामुळे घरी येणारे लोक मामांच्या वास्तुशास्त्रावरच्या श्रद्धेचं कौतुक करायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, चार मजल्यांच्या वजनापुढे एका कपाटाने असा काय फरक पडणार?" मामा म्हणाले, "काही पडणार नाही. तेवढं गणित येतं मला. पण माझ्या हातून त्यात भर नको." सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की सगळ्यात आधी जुना राफ्ट त्यात घालायचा, हाही नेम होता. दर आवृत्तीत चौकोन आणखी बारीक व्हायचे आणि कोपऱ्यातला लाल रंग आणखी रेखीव दिसायचा.

त्या एका न पाहिलेल्या खड्ड्याची भरपाई मामांनी पुढे जन्मभर केली, आणि तिची झळ आम्हा सगळ्यांना लागली. मातीचा अहवाल कितीही जाडजूड असो, खड्ड्यात स्वतः उतरल्याशिवाय मामा सही करत नाहीत. धायरीला माझी एक इमारत होती. चित्र निळंशार आलं होतं, बिल्डरने मुहूर्त काढला होता. मामा खड्ड्यात उतरले, वर आले आणि समोरच्या घराच्या ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या आजींशेजारी जाऊन बसले. अर्धा तास पाऊसपाणी, सुना, नातवंडं सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "आजी, इथे पूर्वी काय होतं?" आजी म्हणाल्या, "काय असायचं? आमची हीर व्हती की हितं. बुजवली न्हाई का धाकल्याच्या लग्नात." मामांनी ओट्यावर सोडलेली गोटी उचलून खिशात टाकली आणि मुहूर्त रद्द केला. आजींनी दाखवलेल्या जागी आणखी खणल्यावर विहीर निघाली. ती भरून काढण्यात तीन आठवडे गेले, बिल्डर माझ्याशी बोलेनासा झाला आणि मी मामांशी. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "जावईबापू, राग समजतो. पण चिरंजीवांना विहीर ठाऊक नव्हती, आजींना होती. मी मधला निरोप्या." मी फोन ठेवला. त्यांचं बरोबर होतं हे कबूल करायला मला पुढे वर्ष लागलं.

दोन वर्षांपूर्वी मामांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. आर्किटेक्ट म्हणून मीच होतो. घरं रिकामी झाली, मामा-मामी भाड्याच्या घरात गेले. जाताना मामांनी भिंतीवरच्या दोन्ही पट्ट्या पाहिल्या. त्या शाबूत होत्या. मला वाटलं, एवढ्यावर समाधान होईल. पण इमारत पाडून जुना राफ्ट फोडायचं काम सुरू झालं आणि मामा डोक्यावर हेल्मेट घालून, घडीची खुर्ची घेऊन रोज साइटवर हजर. कॉन्ट्रॅक्टरला त्यांनी एकच विनंती केली होती, चौथा कोपरा आपल्यासमोर फोडायचा. त्या दिवशी सकाळी ते खुर्ची थेट खड्ड्याच्या काठाशी ओढून बसले. मामी डबा घेऊन आल्या होत्या, तो तसाच राहिला. पडद्यावर वर्षानुवर्षं पाहिलेला लाल रंग खरा होता की नाही, हे आता अर्ध्या तासात कळणार होतं. खरा असेल तर इतकी वर्षं सोळा बिऱ्हाडं निव्वळ नशिबाने सुखरूप राहिली, असा त्याचा अर्थ झाला असता.

राफ्टचा कोपरा सुटला, खालचा काँक्रीटचा थर निघाला. त्याच्याखाली काळी माती यायला हवी होती. ती आली नाही. खाली दगड आणि काँक्रीट गच्च भरलेलं होतं, पार खडकापर्यंत, उभा माणूस मावेल इतकं खोल. कोणीतरी त्या कोपऱ्यातली सगळी काळी माती उपसून काढली होती, खडक लागेपर्यंत खणलं होतं आणि तो खड्डा दगड घालून नीट भरून घेतला होता. हे कुठल्याही ड्रॉइंगवर नव्हतं, कुठल्याही वहीत नव्हतं. मी नको नको म्हणत असताना मामा शिडीने खाली उतरले आणि त्या भरावावर तळहात ठेवून उभे राहिले.

वर आल्यावर ते खुर्चीत बसले. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "मुकादम होता तिथे. उंचसा, पांढरा फेटा. मी साताऱ्याहून आलो तेव्हा खड्ड्याच्या काठावर भेटला. म्हणाला, साहेब, कोपऱ्यात जमीन बरी नव्हती, काम जरा वाढवलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बरं बरं म्हणालो." मामांनी मामींकडे पाहिलं. "लक्ष कुठे होतं माझं?"

मामींनी डब्यातून पोळी काढून त्यांच्या हातात दिली. "खा आता," त्या म्हणाल्या.

मामांनी पोळी हातात तशीच धरली. "त्याने सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही, आणि इतकी वर्षं मशीनला विचारत बसलो."

मामांना मोकळं वाटलं असेल, असं मी धरून चाललो होतो. तसं ते झालं नाही. पुढचे काही दिवस ते त्या मुकादमाचं नाव आठवत होते. जुन्या कॉन्ट्रॅक्टरच्या मुलाला फोन केला, तेव्हाच्या सुतारांपैकी एकाचं घर शोधलं, कोणालाच आठवेना. मग एका दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. जुना राफ्ट पुन्हा पडद्यावर होता. चौथ्या कोपऱ्याखाली त्यांनी खडकाची कडक स्प्रिंग घातली आणि माझ्यादेखत बटण दाबलं. चारही कोपरे निळे आले. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला हा माणूस फार आवडतो, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, त्या दिवशीही सांगता आलं नाही. मी तिसरा चहा मागवला.

मामांनी ते चित्र रीतसर ड्रॉइंगच्या कागदावर छापून घेतलं. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात, एक डिझाइन करणाऱ्याचा, एक तपासणाऱ्याचा. त्यांच्या या पहिल्या कामावर तपासणाऱ्याचा चौकोन कायम रिकामा होता, कारण तेव्हा ऑफिसात ते एकटेच होते. मामांनी पेन काढलं आणि छापलेल्या चित्राखालच्या त्या चौकोनात त्यांच्या जुन्या, ड्रॉइंगवरच्या वळणदार अक्षरांत लिहिलं, "मुकादम". पुढे नाव लिहायला जागा सोडली. ते चित्र आता ऑफिसात नाही, भाड्याच्या घरात जेवणाच्या टेबलासमोर लावलेलं आहे. मी गेलो की मामा अजून विचारतात, कोणा जुन्या माणसाची गाठ पडली का. मी नाही म्हणतो, आणि आम्ही जेवायला बसतो.