प्रेमकवितेचे प्रोफेसर

निजामाच्या काळात मी घाटनांदूर स्टेशनावर सीताफळं विकायची. एकदा हैदराबादच्या कॉलेजातले एक प्रोफेसर गाडीतून उतरले आणि पुटपुटत फेऱ्या घालू लागले.

“मंतर म्हनताव का, साहेब?” मी विचारलं.

“लॅटिन भाषेतल्या प्रेमकविता. वीस वर्षं शिकवतोय, पण बायकोशी कधी गोड बोललो नाही. ती रुसून माहेरी आलीय, युसूफ वडगावला. तिला म्हणून दाखवीन.”

“त्यांना कळती ती भाषा?”

“नाही.”

“मग मराठीत बोला की!”

“तेच तर अवघड आहे, बाई,” चष्मा पुसत ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दोघं जोडीनं परतले. कविता कळली का, असं मी विचारल्यावर त्यांच्या बाई हसल्या. “दारातच म्हणले, तुझ्याबिगर करमत न्हाई. मी लगीच ट्रंक भरली, आक्का!”

प्रोफेसर रुळांकडे बघत राहिले. इतका लाजलेला नवरा मी त्याआधी पाहिला नव्हता.